'यायला नको' म्हणजे 'मस्ट नॉट' नव्हे

तुमचा प्रश्न वाचून आधी हसलो आणि मग जरा ओशाळलो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे, तीही इंग्लिशचा क्लास चालवत असताना. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. नारायण पेठेत दोन खोल्यांत क्लास नुकताच सुरू केला होता आणि पालकांना सांगायचं होतं की फी एकदम भरायला नको, हप्त्याने दिली तरी चालेल. मी ऐटीत इंग्लिशमध्ये बोर्ड लिहिला, 'पेरेंट्स मस्ट नॉट पे द फुल फी इन अ‍ॅडव्हान्स'. एक गृहस्थ पूर्ण रक्कम घेऊन आले, बोर्ड वाचला, पैसे परत खिशात घातले आणि म्हणाले, सर, तुम्हीच घ्यायची नाही म्हणताय तर कशाला. पुण्यातच होऊ शकतं हे. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात पक्का बसलाय.

बाकीच्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही हिंजवडीत काम करता, लंडनहून क्लायंटची माणसं आली होती, शुक्रवारची मीटिंग तुमच्या टीमपुरती होती, त्यात त्यांनी यावं असं काही नव्हतं पण आले असते तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तुम्ही मेल टाकला 'यू मस्ट नॉट अटेंड द फ्रायडे मीटिंग', तिकडून 'मे आय आस्क व्हाय?' असं थंडगार उत्तर आलं आणि मॅनेजरने तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं. आता तुमचं म्हणणं असं की शाळेत मस्ट आणि हॅव टू दोन्हींचा अर्थ एकच शिकवला, 'पाहिजे', मग दोघांना नॉट लावल्यावर एकाचा अर्थ बंदी आणि दुसऱ्याचा सवलत असं कसं काय? आणि मस्ट म्हणजे पाहिजे, नॉट म्हणजे नाही, तर मस्ट नॉट म्हणजे 'पाहिजे असं नाही' का होत नाही?

प्रश्न एकदम रास्त आहे, आणि 'पाठ करा' हे त्याचं उत्तर नाही. तुम्ही शब्दार्थात चुकला नाहीत, तुम्ही 'नाही' चुकीच्या ठिकाणी बसवलंत. कुठल्याही बंधनाच्या वाक्यात दोन गोष्टी असतात, एक काम आणि एक सक्ती. 'नाही' कामाला लागलं की अर्थ होतो काम न करण्याची सक्ती. 'नाही' सक्तीला लागलं की अर्थ होतो सक्तीच नाही, मग करा नाहीतर नका करू, तुमची मर्जी. इंग्लिशमध्ये मस्ट नॉट मधलं नॉट कायम कामाला चिकटतं आणि डोन्ट हॅव टू मधलं डोन्ट सक्तीला चिकटतं. एवढाच सगळा खेळ आहे.

पण हे सांगून भागत नाही हे मला माहितीये, कारण वर्गात सगळे माना डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात परत तेच लिहून आणतात. म्हणून मी हल्ली इंग्लिशकडून सुरुवातच करत नाही, मराठीकडून करतो. हे जरा नीट वाचा, कारण जे तुम्हाला इंग्लिशमध्ये विचित्र वाटतंय ते तुम्ही रोज मराठीत न चुकता करताय.

मराठीत सक्तीची दोन मोठी क्रियापदं आहेत, पाहिजे आणि लागतं. 'मला जायला पाहिजे', 'मला जावं लागतं'. घाईत दोन्ही सारखीच वाटतात. आता दोन्हींत नाही घाला. 'तिथे जायला नाही पाहिजे', म्हणजे जाणं बरं नाही, जाऊ नये. 'तिथे जावं लागत नाही', म्हणजे जायची सक्ती नाही, काम घरबसल्या होतं. बघा, 'नाही' दोन्हीकडे दिसायला क्रियापदाच्या शेजारीच बसलंय, पण पाहिजेच्या वाक्यात ते उडी मारून जाण्यावर पडलं आणि लागतंच्या वाक्यात जागेवरच राहिलं. हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं का? नाही ना? मग मस्ट म्हणजे पाहिजे आणि हॅव टू म्हणजे लागतं अशी जोडी लावा, दोन्ही भाषांत नाहीचं वागणं बरोब्बर जुळतं. आणि हिंदीतही 'नहीं जाना चाहिए' आणि 'नहीं जाना पड़ेगा' हे असंच आहे, म्हणजे यात इंग्लिशचा काही वेगळा चक्रमपणा नाहीये.

ही जोडी सरळ वाक्यातही उपयोगी पडते. हेल्मेटचं उदाहरण घेतो, पुण्यात हेल्मेटचा विषय काढला की माणसं जागी होतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे दुचाकीवर हेल्मेट घालावं लागतं, ही बाहेरून आलेली सक्ती, 'वी हॅव टू वेअर हेल्मेट्स'. आई दारात उभी राहून म्हणते, हेल्मेट घालायलाच पाहिजे तू, ही बोलणाऱ्याच्या मनातून आलेली सक्ती, 'यू मस्ट वेअर अ हेल्मेट'. आता त्याच कलमात पगडी घातलेल्या शीख माणसाला सूट आहे. त्याचं वाक्य काय होईल? 'ही डझन्ट हॅव टू वेअर अ हेल्मेट'. इथे जर 'ही मस्ट नॉट' लिहिलंत तर त्याने हेल्मेट घातलं म्हणून पोलीस त्याला बाजूला घेतील असा अर्थ होतो. फरक कायमचा लक्षात राहायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आतली सक्ती आणि बाहेरची सक्ती हा फरक मात्र दगडावरची रेघ समजू नका. व्याकरणाच्या पुस्तकात तो फार ठळक दाखवतात, प्रत्यक्षात नियम, नोटिसा, फॉर्म यांच्यावर मस्ट सर्रास असतं आणि ती सक्ती बाहेरचीच असते. सरळ वाक्यात मस्टच्या जागी हॅव टू टाकलंत तर शंभरातल्या नव्वद वेळा कुणी काही म्हणणार नाही. नकारात टाकलंत तर केबिनमध्ये बोलावतील, तुम्हाला अनुभव आहेच. म्हणून मेहनत नकारावर घ्या.

आता तुमची चूक नेमकी कुठून आली. मला जवळजवळ खात्री आहे की मेल लिहिताना तुमच्या डोक्यात 'पाहिजे असं नाही' हे वाक्य नव्हतंच. तुमच्या डोक्यात होतं, 'शुक्रवारी त्यांनी यायला नको'. आणि हा 'यायला नको' म्हणजे मराठीतला पक्का दुतोंडी माणूस आहे. 'उद्या डबा करायला नको, मी बाहेर जेवणार आहे', यात सुटका आहे. 'आत्ता त्याच्याशी वाद घालायला नको', यात मनाई आहे. रूप अगदी तेच, अर्थ उलटे. मराठी माणसाला संदर्भावरून आणि सुरावरून कळतं त्यामुळे आपलं अडत नाही. पण इंग्लिशमध्ये जाताना कुठलातरी एक रस्ता घ्यावाच लागतो, आणि नको हा शब्द कानाला मनाईचा वाटतो म्हणून हात आपोआप मस्ट नॉटकडे जातो. माझ्या फीच्या बोर्डावर तेच झालं होतं, 'भरायला नको'.

यावर माझा एक घरगुती उपाय आहे. मराठी वाक्य मनात आलं की त्याच्या शेपटीला 'केलं तरी चालेल' लावून बघायचं. उद्या डबा करायला नको, केलास तरी चालेल. बसतंय, मग डोन्ट हॅव टू. त्याच्याशी वाद घालायला नको, घातलास तरी चालेल. अजिबात बसत नाही, मग मस्ट नॉट किंवा शुड नॉट. तुमचं वाक्य लावा: शुक्रवारी यायला नको, आलात तरी चालेल. बसलं! दोन सेकंदांचं काम आहे, सेंड दाबायच्या आधी करायचं.

सराव म्हणून मी वर्गात एक पाटी देतो, खरी नाही, मीच बनवलेली: 'गेट उघडं टाकू नये. बेल वाजवायची गरज नाही, कुत्रा सांगतो.' पहिलं वाक्य मस्ट नॉट, दुसरं डोन्ट हॅव टू. मग पोरांना दोन्हींची अदलाबदल करून पाटीचा अर्थ सांगायला लावतो, वर्गात धमाल येते आणि मुद्दा उतरतो. मोठ्यांच्या बॅचला मतदानाचं देतो. भारतात मत द्यायलाच हवं असा कायदा नाही, 'वी डोन्ट हॅव टू व्होट', ऑस्ट्रेलियात 1924 पासून राष्ट्रीय निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे, 'दे हॅव टू व्होट', आणि सतरा वर्षांच्या मुलाने आपल्याकडे मत द्यायचंच नाही, 'ही मस्ट नॉट व्होट'. एकाच कामाच्या तिन्ही तऱ्हा.

तुम्ही आयटीवाले आहात म्हणून तुमच्याच घरातली साक्ष देतो. इंटरनेटची स्टँडर्ड्स लिहिताना कुठल्या शब्दाचा काय अर्थ घ्यायचा हे ठरवणारं आरएफसी 2119 नावाचं छोटंसं डॉक्युमेंट 1997 मध्ये निघालं. त्यात मस्ट म्हणजे पूर्ण सक्ती, मस्ट नॉट म्हणजे पूर्ण बंदी, आणि करा किंवा करू नका अशा गोष्टीसाठी वेगळे शब्द, मे आणि ऑप्शनल. म्हणजे तुमच्या स्पेकमध्ये, सॉफ्टवेअरने काय करायचं ते लिहिलेल्या कागदात, क्लायंटने 'सर्व्हर मस्ट नॉट सेंड' लिहिलं आणि तुम्ही ते 'नाही पाठवलं तरी चालेल' असं वाचलंत तर बग थेट प्रॉडक्शनला जाणार. मेल परवडला.

मस्ट नॉट असं का वागतं याला इतिहासही आहे, थोडक्यात सांगतो. जुन्या इंग्लिशमध्ये मोट असं एक क्रियापद होतं, त्याचा अर्थ मुभा असणे, परवानगी असणे. मस्ट हे त्याचं भूतकाळाचं रूप. पुढे मूळ शब्द मागे पडला, मस्ट वर्तमानकाळात येऊन बसलं आणि अर्थ सरकत सरकत सक्तीवर आला. मुभेच्या शब्दाला नॉट लावलं की मुभा नाही, म्हणजेच बंदी, आणि आजच्या मस्ट नॉटचा अर्थही तोच आहे. गंमत म्हणजे जर्मनमधलं म्युसेन हे मस्टचं सख्खं भावंडं, पण जर्मनमध्ये 'मुस निश्ट' म्हणजे सक्ती नाही! पुण्यात मॅक्समुल्लर भवनला जाऊन आलेली घरटी एक व्यक्ती असते, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या जर्मनवाल्या पोरांचा गोंधळ डबल असतो, त्यांना मी सांगतो की जर्मनचं दप्तर बाहेर ठेवून आत या.

मस्ट मुळातच भूतकाळाचं रूप असल्यामुळे त्याला स्वतःचा वेगळा भूतकाळ उरलेला नाही. इथे लोक फार घसरतात, म्हणून जरा थांबतो. 'मला काल बँकेत जावं लागलं' हे 'आय हॅड टू गो टू द बँक'. यात तुम्ही गेलात. 'मला काल बँकेत जायला पाहिजे होतं' हे 'आय शुड हॅव गॉन', यात तुम्ही गेला नाहीत आणि आता चुटपुट लागलीये. आणि 'आय मस्ट हॅव गॉन' असं लिहिलंत तर त्याचा सक्तीशी काही संबंधच राहत नाही, ते होतं 'मी गेलो असणार', म्हणजे पासबुकात एंट्री दिसतेय पण तुम्हाला आठवत नाहीये. भविष्यकाळातही मस्ट चालत नाही, 'आय विल मस्ट कम' हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो, ते 'आय विल हॅव टू कम' हवं, यावं लागेल. आणि मस्ट नॉटचा भूतकाळ हवा असेल तर वाक्यच बदला, 'वी वेअरन्ट अलाउड टू गो इन', आत जायची परवानगी नव्हती.

याच घरातलं एक वाक्य मला फार आवडतं. पाहुणे बाकरवडीचा पुडा घेऊन येतात आणि आपण म्हणतो, 'अहो कशाला आणलंत उगाच!' ते इंग्लिशमध्ये 'यू नीडन्ट हॅव ब्रॉट एनीथिंग'. गरज नव्हती, पण आणलंत. याउलट 'आय डिडन्ट नीड टू ब्रिंग एनीथिंग' यात आणलं की नाही ते उघडच राहतं. परीक्षेत हा फरक विचारतात, बोलताना मात्र लोक पुडा हातात घेऊनही 'ओह, यू डिडन्ट हॅव टू!' असंच म्हणतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की मस्ट नॉटच्या जागी नीड नॉट लिहिलं असतं तर? अर्थ बरोबर आला असता. नीडन्ट आणि डोन्ट हॅव टू जवळपास एकच, फक्त नीडन्ट जरा ब्रिटिश आणि जरा जुन्या वळणाचं, अमेरिकन माणूस सहसा 'डोन्ट नीड टू' म्हणेल. एकच काळजी, 'यू नीड नॉट टू कम' लिहू नका, नीड नॉटनंतर टू येत नाही, आणि डोन्ट नीडनंतर आल्याशिवाय राहत नाही. तसंच 'आय हॅव नॉट टू गो' हेही नको. हॅव टूला नकार आणि प्रश्न दोन्ही डू लावूनच करायचे.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो, कारण सगळीकडे एकच माप चालत नाही. परीक्षा देत असाल तर पुस्तकातला फरक पाळा, मस्ट म्हणजे ऑब्लिगेशन, मस्ट नॉट म्हणजे प्रोहिबिशन, वाद घालू नका. अमेरिकन क्लायंटशी बोलत असाल तर मसन्ट, म्हणजे मस्ट नॉटचं आखूड रूप, हा शब्द त्यांच्या बोलण्यात फारसा ऐकू येणार नाही, ते 'यू कान्ट' किंवा 'यू आर नॉट सपोज्ड टू' म्हणतात. सपोज्ड टूला आपल्याकडे मस्त जोडीदार आहे, 'इथे चपला काढायच्या असतात', 'इथे गाडी लावायची नसते'. आणि ऑफिसच्या मेलमध्ये मस्ट एकूणच जपून वापरा, सरळ वाक्यातसुद्धा. 'यू मस्ट सेंड द फाइल टुडे' हे व्याकरणाने शुद्ध आहे पण हेडमास्तरांनी कान धरल्यासारखं वाटतं, तिथे 'वी नीड द फाइल टुडे' किंवा सरळ 'कुड यू सेंड' लिहा. हे फक्त माझं मत नाही. 1961 आणि 1991 सालच्या छापील ब्रिटिश इंग्लिशचे प्रत्येकी दहा लाख शब्दांचे नमुने अभ्यासकांनी शेजारी ठेवून मोजलेत, त्यात मस्ट चांगलंच घटलेलं आणि नीड टू भरपूर वाढलेलं दिसतं.

एक अपवाद मात्र गोड आहे. आग्रहाचं मस्ट. 'यू मस्ट कम होम फॉर डिनर' हे हुकूम नाही, ते 'जेवायला यायचंच हं!' आहे. क्लायंटला मिसळ खायला न्यायची असेल तर 'यू मस्ट ट्राय द मिसळ' बिनधास्त म्हणा, कुणी व्हाय विचारणार नाही. फायदा समोरच्याचा असेल तर मस्ट प्रेमळ वाटतं, काम आपलं असेल तर दमदाटीचं वाटतं.

आता तुमचा मेल. 'यू डोन्ट हॅव टू अटेंड' लिहिलं तर अर्थ अचूक येतो, पण नुसतं एवढंच लिहिलं तर आम्हाला तुम्ही नकोच आहात असाही वास येऊ शकतो, म्हणून मी पुढे शेपूट जोडतो: 'यू डोन्ट हॅव टू अटेंड द फ्रायडे मीटिंग, बट यू आर वेलकम टू जॉइन'. आणि जे घडलंय त्यावर लांबलचक माफीनामा नको, व्याकरणाचं स्पष्टीकरण तर नकोच नको. दोन ओळी पुरेत: 'सॉरी, आय वर्डेड दॅट बॅडली. आय मेंट दॅट द मीटिंग इज ऑप्शनल फॉर यू.' ब्रिटिश माणूस या दोन ओळींवर विरघळतो असा माझा अनुभव आहे. मॅनेजरला सीसीमध्ये ठेवा.